तिसरं बटण

१

“मारलंत तुम्ही त्यांना. गोळी घालून नाही, विष घालूनही नाही. अंगावरची घरं विरघळवून मारलंत. आणि आता विचारताय, आमचा काय संबंध?”

सोनम पुकळेचं भाषण इथूनच सुरू व्हायचं. हे ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ते ती कधी सांगायची नाही. समोर पाटणच्या शाळेतली नववीची मुलं असोत की लोणंदच्या बाजारातले पोट सुटलेले व्यापारी, ज्याला-त्याला वाटायचं, ही शेजारच्याला बोलतेय. लोकांच्या या सवयीची तिला चीड होती. सव्विसाव्या वर्षी तिला चीड येणार नाही अशा गोष्टी फार थोड्या उरल्या होत्या.

मग ती फळ्यावर एक थेंब काढायची. हा समुद्राचा थेंब. यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना प्लवक म्हणतात. सगळे एकसारखे नसतात. काही काचेच्या डबीत राहतात. मेले की त्या जड काचेसकट बुडतात आणि हवेतून घेतलेला कार्बन तळाशी नेऊन पुरतात. काही हिरवे, खादाड. ते बाकीच्यांना गिळतात आणि मेले की पाण्यातला प्राणवायूही संपवून जातात. आणि तिसरे चुनेवाले. हे अंगभर चुन्याच्या चकत्या लावून घेतात. ते माजले की समुद्र मैलोन् मैल दुधाळ दिसतो, अर्धं ऊन आल्या पावली आभाळात परत जातं. त्यांच्यापासून सुटणाऱ्या वासाच्या वाफेवर ढगाचा थेंब धरतो. पाण्यात सत्ता कुणाची, यावर पाण्याची चव ठरते, हवा ठरते, आभाळ ठरतं.

“आणि अरबी समुद्राच्या ज्या पट्ट्यात आमचं जहाज अकरा दिवस फिरलं,” ती म्हणायची, “तिथे चुनेवाला एकसुद्धा उरलेला नाही. एकसुद्धा.”

हे तिने वाचलेलं नव्हतं, स्वतः मोजलेलं होतं. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांत त्या जहाजावरच्या एकशे शहाण्णव बाटल्या होत्या. रोज सकाळी एक बाटली काढायची, हलवायची, थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. उजव्या हाताशी चार बटणांचा काउंटर. बटणांवर तिनेच चिकटपट्ट्या लावल्या होत्या: काच, हिरवे, चुना, इतर. जीव दिसला की बटण दाबायचं, टक आवाज व्हायचा, वरच्या खिडकीत आकडा सरकायचा. पहिलं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं होतं. तिसरं दोन वर्षांत एकदाही दाबलं गेलं नव्हतं. त्याच्या खिडकीत चार शून्यं होती, आणि त्या चार शून्यांवर सोनमचं भाषण, तिचे मार्गदर्शक मानसिंग सर यांचा अहवाल आणि पेपरातली ती तीन रकानी बातमी उभी होती.

२

मंगळवारी सकाळी तिने काउंटरवरचं फडकं उचललं. तिसऱ्या खिडकीत एक आकडा होता. ०००१.

“शमशेरचाचा!”

शमशेर मुलाणी हे खोलीचे शिपाई. तीस वर्षं याच मजल्यावर काढलेली, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. ते दारातच उभे राहिले.

“पुसताना हात लागला का याला?”

“मी कशाला हात लावतोय? गेल्या साली फडकं लागून तुमचं सगळं शून्य झालतं, तवा दोन दिवस बोलला न्हाईसा माझ्याशी. तवापास्नं मी त्याला पावण्यागत लांबनंच नमस्कार घालतो.”

“मग कोणी दाबलं?”

“भूत असंल तुमच्या समुद्रातलं.” ते हसले, आणि जाता जाता खिडकीच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, “आन् ताई, त्या औषधाच्या डब्याला मुंग्या लागल्यात बघा परत. पुसून पुसून कटाळलो.”

औषधाचा डबा म्हणजे टाकणखाराचा डबा. समुद्राचं पाणी टिकावं म्हणून त्यात फॉर्मालिन घालतात. फॉर्मालिन दिवसांमागून आंबट होतं, आणि आंबटात चुना टिकत नाही; म्हणून प्रत्येक बाटलीत चिमूटभर टाकणखार घालायचाच असतो. झाकणावर मोर कोरलेला तो स्टीलचा डबा जहाजावर जाऊन परत आला होता. आईने कडेगावच्या बाजारात असे तीन डबे घेतले होते, त्यांतला एक.

सोनमने मुंग्यांकडे पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. तिचं सगळं लक्ष त्या एकावर होतं. स्प्रिंग जुनी झाली असेल, असं म्हणून तिने चकती फिरवून तो शून्यावर आणला.

३

बुधवारी चार. गुरुवारी एकोणीस.

गुरुवारी तिने बटणावर उलटीसुलटी चिकटपट्टी ओढली, आता बोट काय, खिळासुद्धा ते दाबू शकला नसता. मग ती कपाटाकडे पाठ करून नोंदी उतरवत बसली. बाहेर मार्चचं ऊन, खाली मैदानात कुणी तरी स्कूटर चालू करायचा खटाटोप करत होतं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

टक.

तिने मान वळवली नाही. स्कूटरची किक असेल.

टक. टक.

आवाज काउंटरचाच होता. दोन वर्षं रोज ऐकलेला आवाज माणूस झोपेतही ओळखतो. तिने वळून पाहिलं. पट्टी जशीच्या तशी. खिडकीत बावीस.

माणसाला शिक्षण असलं की भीती वाटायच्या आधी कारणं सुचतात. सोनमला सहा सुचली. पंख्याची थरथर, स्प्रिंग, उष्णतेने फुगलेलं प्लॅस्टिक, आणखी तीन. तिने सहाही वहीत लिहिली, अनुक्रमांक घालून. लिहून झाल्यावर पाणी प्यावं म्हणून तिने टेबलावरचा काचेचा पेला उचलला, आणि पहिल्याच घोटाला तिचे दात शिवशिवले. कैरी खाल्ल्यावर आंबतात तसे. आठवडाभर असंच चाललं होतं. चहासुद्धा ती एका गालाने पीत होती.

पेल्याच्या तळाशी पांढरा थर होता. त्यात नवल काहीच नव्हतं, बोअरचं पाणी, भांड्याला क्षार धरणारच. पण काल घासलेल्या पेल्यावर आज इतका?

तिने थर नखाने खरवडला आणि उगाच, केवळ मोकळा हात म्हणून, काचपट्टीवर घेतला. क्षाराचे खडे सूक्ष्मदर्शकाखाली तिरक्या चौकोनांसारखे दिसतात, हे तिला ठाऊक होतं. तिने मोठ्यातलं मोठं भिंग लावलं. चुना ओळखायला प्रकाशाच्या दोन गाळण्या आडव्या-उभ्या लावून सगळं काळं करतात. त्या काळोखात फक्त चुना चमकतो. तिने गाळण्या फिरवल्या.

काळोखात चकत्या चमकत होत्या. गोल, एकमेकींवर चढलेल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. आणि पुस्तकात सांगतात तशीच, प्रत्येक चकतीच्या मधोमध काळी फुली.

दोन वर्षं एकशे शहाण्णव बाटल्यांत तिने जे शोधलं ते तिच्या पाण्याच्या पेल्यात होतं. मास्तरांनी चुकलेल्या उत्तरावर मारावी तशी फुली घेऊन ते थव्याने तिच्याकडे पाहत होतं.

४

त्याच संध्याकाळी मानसिंग सरांचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी सांगलीत मोठा कार्यक्रम, मुंबई-दिल्लीहून माणसं येणार, पुढच्या जहाजाला मंजुरी तिथेच मिळणार.

“आणि तुझ्या फेलोशिपचं पत्रसुद्धा स्टेजवरच द्यायचं ठरलंय. ते तुझं ‘मारलंत तुम्ही’ जोरात होऊ दे.”

“सर, बाटल्यांबद्दल जरा—”

“अगं, चार शून्यं आहेत ना? शून्यात चूक काय होणार? शून्य म्हणजे शून्य.”

सर रागावले नव्हते, उलट खुशीत होते. सोनमने फोन ठेवला. आपण काय सांगणार होतो? पाण्याच्या पेल्यात समुद्र निघालाय, हे?

शनिवारी ती एसटीने गावी गेली. कडेगावच्या पुढे, कालव्याचं पाणी जिथे थांबतं त्याच्याही पलीकडे त्यांची वाडी. तिच्या आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन फिरले. बापाने शेती धरली आणि धरता धरताच तो गेला. कोयनेच्या खोऱ्यात ढग रिते व्हायचे आणि वाडीवर त्यांची नुसतीच सावली यायची. समुद्र आणि आभाळ यांचं काही तरी साटंलोटं आहे, असं सोनमला लहानपणीच वाटायचं. त्याच रागाने ती विज्ञान शिकली होती.

आई, रंगुबाई, अंगणात भांडी घासत होती.

“आलीस? बस. तुझं पेपरात आलतं ते शेजारच्या धनाजीनं वाचून दावलं. म्हनला, तुमची सोनी समुद्राची वकीलच झालीया.”

“चेष्टा करतोय तो.”

“करंना का. पर लय वराडतीस म्हनं तू भाषनात. एवढं बोलून दातं झिजत न्हाईत व्हय गं?”

सोनमने चुलीवरचा चहा ओतून घेतला आणि एका गालाने घोट घेतला.

“बिनसाखरंचा का पितीयास? साखर घाल की.” आई आत गेली आणि एक डबा घेऊन आली. मग थांबली. “ह्यो न्हवं. ह्यातली साखर नासल्याली हाय. दोन वर्सं झाली, तशीच पडलीया.”

झाकणावर मोर होता.

“कसली साखर?”

“तूच आनलीस की. तुला भोवळ येतीया, उलट्या हुत्यात म्हनून मी सरबताला पिठीसाखर बांधून दिलती जहाजावर. तर तुझ्या पिशवीत आदुगरच एक डबा साखरंचा. म्हनलं, दोन-दोन डबं कशाला वागवतीस, वझं हुतंय. एक काढून ठेवला.” आईने डबा पुढे केला. “पर ही साखर कसली म्हनायची? गोड न्हाई का कडू न्हाई. बघ, दोन वर्सांत मुंगीसुदिक फिरकली न्हाई.”

मुंगीसुद्धा फिरकली नाही.

सोनमने चिमूट जिभेवर ठेवली. तुरट, खारट, साबणासारखी.

५

परतीच्या एसटीत तो डबा तिच्या मांडीवर होता. आता तिला सगळं आठवत होतं. जहाजाचं डोलणं, डेकवर ओणवं होऊन ओकणं, तोंड पुसून पुन्हा बाटल्यांपुढे बसणं. एक चिमूट, झाकण, चिठ्ठी. एक चिमूट, झाकण, चिठ्ठी. टाकणखार घातल्यावर रंग बदलणारा कागद बुडवून बघायचा असतो, पाणी आंबट नाही ना म्हणून. पहिल्या बाटलीला तिने बघितला नाही. बाकीच्या एकशे पंच्याण्णवांना कशाला बघेल? डोळ्यांपुढे अंधारी येत असताना झाकणावरचा मोर ओळखीचा वाटला, एवढंच तिला पुरलं होतं.

चुनेवाले समुद्रात होते. किती, ते देवाला ठाऊक, पण होते. तिने त्यांना बाटलीत घेतलं, वर साखर घातली, आणि कपाटात दार लावून, अंधारात, हळूहळू आंबट होत जाणाऱ्या पाण्यात ते विरघळले. त्यांच्या अंगावरची घरं विरघळली. काचवाले तेवढे राहिले, कारण काचेला आंबटाचं काही होत नाही.

मारलंत तुम्ही त्यांना. इतक्या गावांत जाऊन ती हे बोलली होती.

साताऱ्याला उतरून ती राहत्या खोलीवर न जाता थेट कॉलेजात गेली. रविवारची दुपार, मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडकीच्या फळीवरच्या डब्याला मुंग्यांची काळी धार लागली होती. तिने बोट बुडवून चाखलं. गोड.

६

तिने सरांना पत्र लिहिलं. “सर, बाटल्यांत टाकणखार नव्हता, साखर होती. शून्य समुद्राचं नाही, आपल्या कपाटाचं आहे.” एवढंच. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बसली.

आणि तिला ते चेहरे दिसले. भाषणानंतर येऊन ‘हे सगळं परदेशी लोकांचं थोतांड’ म्हणणारे, ‘हवामान काय, बदलतच असतं’ म्हणणारे, तिच्या चपलांकडे बघून हसणारे. यांना ती स्वतःच्या हाताने काठी देणार? बघा, साखर घातली होती पोरीने, म्हणून पोट धरून हसतील, आणि उद्या कुणी खरं बोललं तरी त्याच्या अंगावर हाच डबा फेकतील. समुद्र आंबट होतोय हे तर खरंच आहे. चुनेवाले आज ना उद्या विरघळणारच आहेत. मग आपलं खोटं म्हणजे थोडं आधी सांगितलेलं खरं नव्हे का?

हा विचार तिला इतका सुरेख वाटला की तिची तिलाच किळस आली. पण तिने पत्र पाठवलं नाही. खोडलंही नाही.

मागे काउंटर वाजत होता. आता थांबून थांबून नाही. ज्वारी निवडताना खडे ताटात टाकावेत तसा, मन लावून. कुणी तरी सावकाश, एकेक, स्वतःला मोजून घेत होतं.

तिने खिडकीकडे बघितलं नाही. कपाट उघडलं, हाताला लागली ती बाटली काढली. त्र्याऐंशी नंबर. पाणी स्वच्छ, तळाशी काचवाल्यांचा तपकिरी गाळ. तिने आईकडच्या डब्यातली चिमूट त्यात सोडली. दोन वर्षं उशिरा घातलेल्या टाकणखाराने काय होणार होतं? काहीच नाही. फार तर पाण्यातला विरघळलेला चुना साकळेल. दहावीच्या प्रयोगात साकळतो तसा. हेही तिने वहीत लिहिलं. सातवं कारण.

पाणी पांढरं झालं.

एकदम नाही. आधी मधोमध एक धागा, मग धाग्याभोवती धुकं, मग बाटलीभर दूध. तिने थेंब काचपट्टीवर घेतला, गाळण्या फिरवल्या. त्याच चकत्या. तीच काळी फुली. फक्त आज त्या विस्कटलेल्या नव्हत्या. कडेला कड लावून, कौलं शाकारावीत तशा त्या बसत चालल्या होत्या. तिच्या डोळ्यांदेखत एक चकती तरंगत आली, रिकाम्या जागेपाशी थांबली, आणि बसली. मागे काउंटर वाजला.

चुनेवाल्याचा गोळा केवढा असतो? केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्या भिंगाखाली तो चण्याएवढा दिसायला हवा. हा दिसत नव्हता; फक्त त्याची कड दिसत होती. कडेचा बाक धरून तिने काचपट्टी सरकवली. बाक सरकत राहिला. तिने लहान भिंग लावलं. बाक तसाच. त्याहून लहान लावलं. काचपट्टीची कड आली, थेंब संपला, पण बाक मिटला नव्हता.

तिने डोळा काढला आणि बाटलीकडे पाहिलं.

दूध काचेपासून सुटून आत ओढलं गेलं होतं. मध्ये पांढरं, गोलसर काही तरी. आणि त्याच्या तिच्याकडच्या बाजूला एक खळगा. खळगा हलत होता. उघडत होता, मिटत होता. लांबच्या माणसाला हाक मारायच्या आधी तोंड उघडतं, तसा.

आतल्या कडेला खाली-वर चकत्या बसत होत्या. एका ओळीत.

हाक येईपर्यंत सोनम थांबली नाही. फळीवर आम्लाची बाटली होती, ती तिने अख्खी ओतली. फेस आला, बाटलीच्या तोंडातून उतू गेला, टेबलावरून खाली ठिबकला. क्षणभर एक बारीक, ओला आवाज आला. तो बुडबुड्यांचा होता. आठवं कारण. मग पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

पहिल्यांदा चुकून झालं होतं. या वेळी तिने बघून केलं.

काउंटर गप्प होता. तिसऱ्या खिडकीत चार शून्यं. सोनमने टेबल पुसलं, पत्र खोडलं, आईकडचा डबा बेसिनमध्ये रिकामा केला आणि त्यावर पाच मिनिटं नळ सोडून ठेवला. मग ती खाली बसली, कारण तिचे सगळे दात एकदम ठणकायला लागले होते.

७

शुक्रवारी सांगलीचं सभागृह गच्च भरलं होतं. शमशेरचाचा सूक्ष्मदर्शक, काउंटर आणि दहा बाटल्या घेऊन सकाळच्या गाडीनेच आले होते. त्यांनी सगळं स्टेजवरच्या टेबलावर मांडलं आणि ते पडद्याआड स्टुलावर बसले. मानसिंग सरांनी ओळख करून दिली. म्हणाले, आमच्या दुष्काळी भागाची ही लेक.

सोनम उभी राहिली. चार दिवस ती नीट जेवली नव्हती. भाकरीचा तुकडा चावताना दाताखाली वाळू आल्यासारखं वाटायचं आणि थुंकलं की काही दिसायचं नाही. पण माईक समोर आल्यावर तिचा आवाज तिला सापडला.

“मारलंत तुम्ही त्यांना.”

इतकं चांगलं ती कधी बोलली नव्हती. काचवाले, हिरवे, चुनेवाले. पाण्याची चव, हवा, आभाळ. शब्द आपोआप सुटून येत होते, ओठांवरून हलके होऊन खाली जात होते. मध्येच तिला तोंड कोरडं, पिठूळ वाटलं. पण पाण्याचा पेला तिने पुढ्यातून दूर सारला. “एकसुद्धा उरलेला नाही,” ती म्हणाली, आणि टेबलावरच्या काउंटरकडे बोट केलं. चार शून्यं मोठ्या पडद्यावर दिसली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. टाळ्या इतका वेळ चालल्या की दिल्लीच्या पाहुण्यांना पत्र हातात धरून ताटकळावं लागलं.

पत्र घेताना फोटोवाला म्हणाला, मॅडम, हसा. ती हसली. त्याने कॅमेरा खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, नको, तोंड मिटूनच असू द्या.

लोक चहाला गेले. सरांनी पाठ थोपटली आणि तेही गेले. रिकाम्या स्टेजवर सोनम खुर्चीत बसून राहिली. पत्र वाचायचा प्रयत्न करत होती, पण अक्षरं लागत नव्हती. जीभ पुनःपुन्हा दातांच्या खालच्या ओळीवर फिरत होती आणि जिथे टोक लागायला हवं तिथे लागत नव्हती.

शमशेरचाचा माईकपाशी झाडून, केरसुणी घेऊन तिच्यापाशी आले. त्यांच्या दुसऱ्या हातात आणखी एक बाटली होती. तिच्यात पाणी नव्हतं, तरी ती गळ्यापर्यंत भरली होती. त्यांनी ती टेबलावर, दहा बाटल्यांच्या रांगेत नीट लावून ठेवली, आणि रोजच्यासारखंच विचारलं,

“ताई, तुमी बोलत हुतासा तवा तुमच्या पायापाशी ह्ये पांढरं पडत हुतं. सगळं झाडून भरलंय. टाकून द्यू, का मोजायचंय?”